तारीख वाढली ती रिटर्नची, टॅक्सची नाही

प्रश्न : मी नाशिकला घरांची इंटिरियरची कामं घेते. २०२४-२५ मध्ये १८ लाख जमा झाले, ४४एडीएखाली (ठरावीक व्यावसायिकांना जमेच्या निम्मं उत्पन्न धरायची सोय) निम्मे म्हणजे ९ लाख उत्पन्न दाखवलं. एका कंपनीने १० हजार टीडीएस कापलेला. सरकारने तारीख वाढवली म्हणून निवांत होते, १५ सप्टेंबरला रिटर्न भरायला बसले तर पोर्टलने २,२१२ रुपये व्याज लावलं. मुदतीत भरूनही व्याज कसलं?

उत्तर : ताई, पोर्टल चुकलेलं नाही. ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि मग ऐनवेळी रात्री आणखी एक दिवस मिळाला, पण हे सगळं रिटर्नचं होतं हो, टॅक्सचे पैसे तर १५ मार्चलाच जायला हवे होते. नोकरीवाल्यांचा टॅक्स पगारातूनच जातो, आपला कोण कापणार, म्हणून वर्षाचा टॅक्स टीडीएस वजा जाता १० हजार किंवा जास्त निघत असेल तर ॲडव्हान्स टॅक्स आपणच भरायचा. बाकीच्या बहुतेकांना त्याचे जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते, ४४एडीएवाल्यांना एकच, १५ मार्च.

तुमचा हिशोब बघा. ९ लाखांवर नवीन पद्धतीने (दर कमी, सवलतीही कमी) सेससकट ४१,६०० टॅक्स, टीडीएस वजा करून ३१,६०० राहिले. मार्चचा हप्ता चुकला त्याचे एक टक्का म्हणजे ३१६, आणि एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने दरमहा एक टक्का म्हणजे १,८९६. झाले २,२१२. हेच पैसे एप्रिलमध्ये चलान करून टाकले असते तर रिटर्न सप्टेंबरला भरूनही ६३२ वर भागलं असतं, आणि हे आधी कुणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

२०२५-२६ ला मात्र नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्य आहे. त्यामुळे जमा २४ लाखांच्या आत राहिली आणि शेअर्सचा वगैरे वेगळा नफा नसेल तर मार्चला काही भरायचं नाही, उलट टीडीएस परत मिळेल, पण त्यासाठी रिटर्न भरावंच लागेल.

प्रश्न : माझी १६ सप्टेंबरही हुकली. कोल्हापुरात छोटा व्यवसाय आहे, ऑडिट नाही. होमलोनमुळे जुनी पद्धत घ्यायची होती.

उत्तर : २०२४-२५ चं उशिराचं रिटर्न भरायची मुदत ३१ डिसेंबर २०२५, लेट फी ५ हजार, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १ हजार, टॅक्स बाकी असेल तर व्याज वेगळं. पण जुनी पद्धत गेली दादा, कारण व्यवसायवाल्यांना त्यासाठी १०-आयईए फॉर्म मुदतीतच भरावा लागतो आणि आधीच्या वर्षी तो भरलेला नसेल तर आता नवीनच लागणार. धंद्यातला तोटा पुढच्या वर्षी ओढता येतो ना, तेही उशिराच्या रिटर्नमध्ये चालत नाही. आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन खात्री) करा, उशिरा केलंत तर रिटर्न त्याच दिवशी भरलं असं धरतात आणि केलंच नाहीत तर एवढं करून ते भरलेलंच धरत नाहीत.