ओक बियांपासून लावताय? मग आधी बी सुकू देऊ नका

बी झाडाखाली पडल्यावर लगेच गोळा करा. चार दिवस उन्हात राहिलं तर आतला गर सुकतो आणि बी मरतं. बीच्या डोक्यावरची वाटीसारखी टोपी काढून बी पाण्यात टाका, तरंगतील ती बहुतेक पोकळ किंवा किडकी असतात. बुडालेलंही हातात घेऊन नीट बघा. बारीक भोक दिसलं तर अळी लागलेली असते, फेकून द्या.

पांढऱ्या ओकचं बी लगेच पेरा, ते शरद ऋतूतच मूळ सोडतं. लाल ओकच्या बीला मात्र उगवण्याआधी थंडी मिळावी लागते. ओलसर भुशात, पिशवीत घालून फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवा. फ्रीजर मात्र नको!

बी आडवं, २-३ सेंमी खोल पेरा. कुंडी उंचच घ्या, किमान ३० सेंमी. कोंब दिसायच्या आधीच सोटमूळ खाली पोचलेलं असतं, आणि उथळ कुंडीत ते तळाशी गोल गोल वळतं. मी पहिली रोपं अशीच घालवली, अजून हळहळ वाटते. वर बारीक जाळी बांधा, उंदीर-खारी एका रात्रीत सगळं उकरतात.

सावलीसाठी लावताय, तर कायमची जागा पहिल्या-दुसऱ्या वर्षीच ठरवा, घरापासून चांगली लांब.