मॉडेल रेल्वेचा टर्नआउट (एका मार्गातून दुसरा फुटतो तो सांधा) हाताने बनवायचा आहे, सुरुवात कुठून करू?

एचओ या मॉडेल मापात (दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) नंबर ६ चा, म्हणजे १:६ कोनाचा टर्नआउट घ्या. कोड ८३ रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, ०.०८३ इंच), तांब्याचा थर असलेले पीसीबी (सर्किट बोर्डाचे) स्लीपर, छापील टेम्पलेट, बारीक कानस, सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर आणि एनएमआरए गेज (रुळांची अंतरं तपासायची प्रमाणित पट्टी) एवढं पुरे.

स्लीपर टेम्पलेटवर चिकटवा, मग सरळ बाजूचा बाहेरचा रूळ सोल्डर करा. पुढचा प्रत्येक रूळ त्याच्यावरून मोजायचा, म्हणून तो तंतोतंत सरळ हवा.

खरी मेहनत फ्रॉगची, म्हणजे दोन मार्गांचे आतले रूळ जिथे मिळतात त्या टोकदार तुकड्याची. दोन रूळ कानशीने घासून १:६ चा टोकदार कोन जुळवा, सोल्डर करा, जागेवर बसवा. मगच वळणाचा बाहेरचा रूळ, विंग रेल (फ्रॉगच्या दोन्ही बाजूंचे वाकवलेले रूळ), पॉइंट ब्लेड (मार्ग बदलणारे सरकते रूळ) आणि शेवटी चेक रेल (फ्रॉगसमोर बाहेरच्या रुळाला लागून चाकाला धरून ठेवणारा छोटा रूळ). ब्लेडचं टोक सुरीसारखं पातळ करा. जाड राहिलं तर चाकाची कड तिथे आपटून डबा घसरतो. फ्रॉगपाशीच डबे घसरत असतील तर आधी चेक रेलचं अंतर गेजने तपासा, बहुतेकदा दोष तिथेच सापडतो.

दोन रुळांमधला तांब्याचा थर प्रत्येक स्लीपरवर कापायलाच हवा. एक जरी राहिला तरी शॉर्ट. फ्रॉगही दोन्हीकडून रुळात फट पाडून विजेच्या दृष्टीने वेगळा करा आणि मार्ग बदलला की त्याची पोलॅरिटी (तो कोणत्या रुळाच्या विजेला जोडलाय ते) स्विचने बदला. सोल्डर करताना ॲसिड फ्लक्स (सोल्डर नीट चिकटावं म्हणून लावतात तो पदार्थ) टाळा, रूळ गंजतात.