नऊशे पाहिले, एकही शायनी नाही

या महिन्यात पत्रांचा गठ्ठा मोठा आहे आणि त्यातली बरीचशी पत्रं 'पोकेमॉन गो'चीच आहेत, म्हणजे खऱ्या रस्त्यांवर फिरून फोनवर दिसणारे प्राणी बॉल टाकून पकडायच्या खेळाची. म्हणून हे सदर या वेळी फक्त त्यालाच दिलं आहे.

ताई, मी नववीत आहे, कर्वेनगरला राहतो. वहीत रेघा मारून मोजलं. नऊशे पोकेमॉन उघडून पाहिले, एकही शायनी निघाला नाही. माझ्या मित्राला पहिल्याच आठवड्यात दोन मिळाले. माझ्या अकाउंटमध्ये काही गडबड आहे का? आता तरी लवकर मिळेल ना?

आधी तुझ्या वहीबद्दल. नऊशे रेघा मारणारा मुलगा मला फार आवडला. मी पंचवीस वर्षं सदाशिव पेठेत गणिताच्या शिकवण्या घेते, आणि इतक्या चिकाटीने नोंद ठेवणारी मुलं मला फार थोडी भेटली आहेत. ती वही टाकू नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शायनी म्हणजे प्राणी तोच, रंग निराळा. मॅजिकार्प मासा एरवी केशरी-लाल असतो, शायनी असला की सोनेरी. हे प्रकरण १९९९ च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या जुन्या पोकेमॉन खेळांपासून सुरू झालं. तेव्हा ८१९२ मध्ये एक निघायचा, २०१३ पासून मुख्य खेळांत ४०९६ मध्ये एक. 'गो'साठी खेळाडूंनी हजारो नोंदी जमवून जो अंदाज काढला आहे तो बहुतेक जातींसाठी साधारण ५०० मध्ये एक असा येतो.

आता तुझा हिशोब. एका वेळी शायनी न निघण्याची शक्यता ४९९ भागिले ५००. तुला नऊशे वेळा निघाला नाही, म्हणून हाच अपूर्णांक नऊशे वेळा स्वतःशी गुण. उत्तर येतं ०.१६५ च्या आसपास. तुझ्या वर्गात साठ मुलं असतील आणि प्रत्येकाने नऊशे पाहिले, तर त्यातली दहा मुलं रिकाम्या हाताने घरी जातील. तू त्या दहांतला एक आहेस आणि तुझा मित्र दुसऱ्या टोकाचा. अकाउंट अगदी ठीक आहे.

'आता तरी' हे मात्र मनातून काढून टाक. सापशिडीत दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्यांदा तो पडायची शक्यता वाढत नाही, फाशाला मागचं काही आठवत नसतं. पुढच्या पोकेमॉनलाही तुझ्या नऊशे रेघा ठाऊक नाहीत. हे मी वर्गात नाणं उडवून दाखवते, तरी दरवर्षी निम्मी मुलं मान हलवतात आणि परीक्षेत तेच चुकतात.

शक्यता बदलायची असेल तर दिवस बदल. कम्युनिटी डे या खेळातल्या खास दिवशी, बहुतेक दुपारी दोन ते पाच, एकाच जातीचे पोकेमॉन गल्लीगल्लीत दिसतात आणि त्या जातीचा शायनी साधारण पंचविसात एक निघतो. त्या तीन तासांत शंभर पाहणं अवघड नाही आणि शंभर पाहिले तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना निदान एक तरी मिळतो. प्रत्येकाला पकडत बसू नकोस. टॅप कर, चमचमणारे तारे दिसले तर थांब, नाहीतर बाहेर ये. आणि एक गोष्ट तपासून घे: या खेळात सगळ्याच जातींचे शायनी अजून सोडलेले नाहीत. तुझ्या नऊशेत अशा जाती असतील तर त्या रेघा वजा कर.

हिंजवडीत हॉस्टेलला राहतो. पुण्यात दुर्मीळ पोकेमॉन नक्की कुठे मिळतात? कोणी सारसबाग सांगतं, कोणी शनिवारवाडा, कोणी संभाजी उद्यान. रविवारी बसने तिकडे जाण्यात अर्थ आहे का?

रविवारी जरूर जा. या जागांना पोकेस्टॉप, म्हणजे बॉल मिळायच्या जागा, दाटीने आहेत, बॉल संपत नाहीत आणि रेडसाठी, म्हणजे मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी लढायला, माणसं मिळतात. पण दुर्मीळ काही हवं असेल तर मी तुम्हाला तुमच्या हॉस्टेलच्या गेटपासून चहाच्या टपरीपर्यंतचा रस्ता सांगेन.

कारण असं आहे. नकाशावर पोकेमॉन कुठेही उगवत नाहीत, त्यांचे बिंदू ठरलेले असतात. प्रत्येक बिंदू तासातून एकदा, ठरावीक मिनिटाला जागा होतो आणि बरेचसे बिंदू अर्धा तास जागे राहतात. आमच्या गल्लीत दूध डेअरीसमोरचा बिंदू सतरा मिनिटांनी उघडतो. सहा सतरा, सात सतरा, आठ सतरा. पुढच्या वळणावरच्या पिंपळापाशी चव्वेचाळीसला. हे मला दोन आठवडे रोज एकाच रस्त्याने गेल्यावर कळलं, आणि तेव्हापासून माझी भाजी आणायची वेळ ठरली. नवख्या बागेत तीन तास फिरणाऱ्याला हे कळत नाही. तो नेमका दोन मिनिटं उशिरा पोचतो आणि त्याच्या लक्षातही येत नाही.

बागांचा उपयोग निराळा. काही बागांत ठरावीक जातीचं 'नेस्ट' असतं, तिथे तीच जात वारंवार दिसते. नेस्ट दर दोन आठवड्यांनी, गुरुवारी पहाटे साडेपाचला बदलतं. म्हणून 'अमुक बागेत तमुक मिळतो' असा निरोप आला की आधी त्याची तारीख विचारा.

पुण्याच्या हवेचाही हिशोब ठेवा. खेळातलं हवामान खऱ्या हवेवर चालतं. पाऊस असला की पाण्याचे, विजेचे आणि किड्यांच्या जातीचे पोकेमॉन जास्त येतात, नुसतं ढगाळ असलं तर फेअरी, फायटिंग आणि पॉयझन. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हेच दोन प्रकार आलटून पालटून चालतात. ड्रॅगन हवे असतील तर 'विंडी' दिसण्याची वाट पाहा आणि ते चिन्ह दिसलं की हातातलं काम बाजूला ठेवून खाली उतरा, हवामान तासाला बदलतं. बर्फाचं चिन्ह मी पुण्यात एकदाही पाहिलेलं नाही.

वय ३४, हडपसर. रोजच्या मोफत इन्सेन्समध्ये (पोकेमॉन जवळ ओढणारा धूप) गॅलेरियन झॅपडॉस आतापर्यंत सहा वेळा आला आणि सहाही वेळा पहिल्याच बॉलनंतर पळाला. काय चुकतंय?

काहीही चुकत नाही, हे आधी ऐकून घ्या. आर्टिकुनो, झॅपडॉस आणि मोल्ट्रेस या तीन दुर्मीळ पक्ष्यांची ही गॅलेरियन नावाची निराळी रूपं २०२२ मध्ये या पंधरा मिनिटांच्या इन्सेन्सबरोबर आली. मूळ पकडण्याची शक्यता हजारात तीन आणि बॉलमधून सुटला की दहापैकी नऊ वेळा पळतोच. म्हणजे तुमच्या हातात खरा बॉल एकच असतो, पहिला. पुढचे बॉल धरून चालायचंच नाही.

म्हणून पहिल्या बॉलवर सगळं लावा. अल्ट्रा बॉल घेतला की गुणक २. गोल्डन रॅझबेरी हे फळ खायला दिलं की २.५. बॉल गरगर फिरवून कर्व्ह टाकला की १.७. अगदी लहान वर्तुळात 'एक्सलंट' लागला की जवळपास २. हे चारही एकमेकांना गुणले जातात, सतरापट होतात. त्या जातीच्या प्रकारांची पदकं तुमच्याकडे असतील तर आणखी थोडं. एवढं सगळं जुळून आलं तरी शंभरातले दहासुद्धा बॉल लागत नाहीत, पण हजारात तीनच्या मानाने हे कितीतरी बरं.

एक्सलंट लागण्याची रीत सांगते. मी ती दोन महिने पिजी या साध्या पोकेमॉनवर गिरवली. बॉलवर बोट टेकवलं की रंगीत वर्तुळ आकसायला लागतं. ते अगदी बारीक, वाटाण्याएवढं झालं की बोट उचला. वर्तुळ तिथेच गोठतं. आता काही करू नका. पक्षी हल्ला करेपर्यंत थांबा. तो अंग झटकायला लागला की बॉल धरून फिरवायला घ्या आणि हल्ला संपतोय असं वाटताच फेका. बॉल पोचतो तेव्हा वर्तुळ तुम्ही सोडलं होतं तेवढंच असतं.

मागच्या पावसाळ्यात, तळजाईवर, सकाळी साडेसहाच्या सुमारास माझ्यासमोर आर्टिकुनो उभा राहिला. जांभळा, डोळ्यांवर मुखवटा घातल्यासारखा. बारीक पाऊस होता आणि काचेवरचं पाणी बोटाखाली घसरत होतं, वर्तुळ धरताच येईना. मी फोन ओढणीत गुंडाळला, पुसला, उजव्या हाताचा अंगठा कोरडा केला. पक्षी कुठे जात नाही, तुम्ही बॉल टाकेपर्यंत तो तिथेच असतो. मला हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट उमगलं. त्याच्या आधीच्या अठरा भेटींत मी घाईने बॉल टाकले होते. तिसऱ्या हल्ल्याला फेकला. एकदा हलला, दोनदा हलला, तिसऱ्यांदा हलला आणि टिक् झालं. मी बाजूच्या दगडावर बसले आणि बराच वेळ उठले नाही. फिरायला आलेल्या एका काकांनी काळजीने विचारलं, बरं वाटत नाही का?

दोन गोष्टी राहिल्या. ही पंधरा मिनिटं चालत राहा, बसून इन्सेन्स लावला तर फार थोडे पोकेमॉन येतात. आणि २०२३ मध्ये मिळालेला मास्टर बॉल अजून शिल्लक असेल तर तो याच तिघांपैकी एकासाठी ठेवा. त्यातून कोणी सुटत नाही.

मुलगा सातवीत आहे. दुर्मीळ पोकेमॉनसाठी खेळातले कॉइन विकत घ्यायचे म्हणून पैसे मागतो. द्यावेत का? — सहकारनगर

नको. वर लिहिलेल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. जिमची (नकाशावरची पोकेमॉन राखणीला बसवायची जागा) चकती फिरवली की दिवसाला एक रेड पास फुकट मिळतो, आणि जिममध्ये आपला पोकेमॉन बसवून दिवसाला पन्नास कॉइनपर्यंत मिळवता येतात. घरबसल्या रेड खेळायच्या रिमोट पासला १९५ कॉइन पडतात, म्हणजे चार दिवस जिम सांभाळलं की एक झाला. हा हिशोब त्यालाच कागदावर मांडायला सांगा. रेडला जाताना मात्र त्याच्याबरोबर कोणीतरी मोठं माणूस असू द्या आणि रस्ता ओलांडताना फोन खिशात, ही एक अट घाला.

माझा नातू मला रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत चालवतो, हा त्या खेळाचा फायदा. पण खोटे प्राणी पकडण्यात या मुलांना एवढं काय मिळतं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे. — वय ७३

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लहानपणी सोनकिडे पकडलेत का? मी पकडलेत. पहिले पाऊस झाले की हनुमान टेकडीवर झुडपांत शोधायचे, काडेपेटीत पाला घालून ठेवायचे आणि शाळेत डेस्कखाली हळूच उघडून दाखवायचे. तो हिरवा-निळा रंग मला अजून दिसतो.

पोकेमॉनचा मूळ खेळ ज्यांनी रचला ते सातोशी ताजिरी टोकियोच्या कडेला, माचिदा भागात वाढले. त्यांनाही किड्यांचं असंच वेड होतं. इतर मुलं भुंगे पकडायला झाडाच्या सालीला मध लावायची. ताजिरींनी पाहिलं होतं की हे किडे दिवसा दगडाखाली झोपतात. म्हणून ते झाडाखाली दगड ठेवून यायचे आणि सकाळी जाऊन उचलायचे. पुढे तिथली शेतं आणि तळी बुजली, इमारती आल्या. किडे शोधण्यातली ती मजा शहरातल्या मुलांना मिळावी म्हणून त्यांनी खेळ केला आणि तो २७ फेब्रुवारी १९९६ ला जपानमध्ये आला. त्यात १५० प्राणी होते. १५१ वा, म्यू, शिगेकी मोरिमोतो या सहकाऱ्याने शेवटी उरलेल्या जराशा जागेत गुपचूप घातला होता. त्याच वर्षी एका मासिकाने वीस वाचकांना म्यू द्यायचं जाहीर केलं तेव्हा ७८ हजार अर्ज आले.

पर्वतीला जाताना नातवाला विचारा, तुझा सगळ्यात आवडता कुठला आणि तो कुठे सापडला. बहुतेक मुलांना ती जागा, ती वेळ, बरोबर कोण होतं, सगळं पाठ असतं.

मला कांगास्खान हवा आहे, तो फक्त ऑस्ट्रेलियात मिळतो. लोकेशन बदलायचं ॲप वापरू का? मामेबहीण डिसेंबरमध्ये सिडनीहून येणार आहे. — कोथरूड

ॲप अजिबात नको. पहिल्यांदा सापडलात की इशारा आणि त्या काळात दुर्मीळ पोकेमॉन दिसणं बंद, दुसऱ्यांदा अकाउंट महिनाभर बंद, तिसऱ्यांदा कायमचं. वर्षानुवर्षांचं जमवलेलं असं जाताना मी पाहिलं आहे.

बहिणीला आजच फ्रेंड करा आणि रोज एकमेकींना गिफ्ट पाठवा. तुमच्याकडे नसलेल्या जातीचा पोकेमॉन बदलून घ्यायला मैत्रीच्या 'गुड फ्रेंड' पायरीवर असताना २०,००० स्टारडस्ट (खेळात जमवायची पुंजी) लागते, 'बेस्ट फ्रेंड' झालात की फक्त ८००. बेस्ट फ्रेंड व्हायला ९० दिवस लागतात आणि एखादा दिवस चुकला की तेवढा पुढे जातो, म्हणून सप्टेंबर उजाडायच्या आत सुरुवात करा. बहिणीला सांगा, एक नाही, दोन-तीन कांगास्खान पकडून ठेव.

आणि तिला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. टॉर्कोल हे कासव आपल्या भागात मिळतं, तिकडे मिळत नाही. तिच्यासाठी एक बाजूला काढून ठेवा.