मुंबईतल्या गोवेकर जॅझ वादकांवर माहितीपट करायचाय. क्राउडफंडिंगने 15 लाख उभे राहतील का? सुरुवात कुठून करू?

राहतील, पण हा 15चा आकडा आला कुठून? जॅझच्या माहितीपटात कॅमेऱ्यापेक्षा गाण्यांचे हक्क महाग पडू शकतात, आणि नेमका तोच खर्च लोक एडिटिंगला बसल्यावर मोजतात. म्हणून सुरुवात गाण्यांच्या यादीपासून करा. प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने: चाल कुणाची आणि ध्वनिमुद्रण कुणाचं.

उदाहरणार्थ, 'अलबेला'मध्ये गोवेकर ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतो. चित्रपट 1951चा. भारतात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा कॉपीराइट 60 वर्षांचा, म्हणजे तो 2011अखेर संपला. चाल मात्र सी. रामचंद्रांची. ते 1982 साली गेले आणि चालीचा हक्क निधनानंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे 2042 संपेपर्यंत परवानगी लागणारच, शब्दांची वेगळी. 'जुनी रेकॉर्ड आहे, चालतंय' हे अर्धंच खरं. परदेशी महोत्सवांत दाखवायचा असेल तर तिथले नियम पुन्हा निराळे.

आता 15 लाखांचं गणित. समजा प्लॅटफॉर्मची फी 10 टक्के: दीड लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी 27 हजार. पेमेंट गेटवे करासकट साधारण 35 हजार. भेटवस्तू आणि टपाल यांत आणखी दीड लाख सहज जातात. हातात उरतात 11 लाख 38 हजारांच्या आसपास, तेही आयकराआधी. पूर्ण चित्रपटासाठी एकदम मागण्यापेक्षा मी पहिल्या मोहिमेत फक्त मुलाखतींचे पैसे मागेन. वादक ऐंशी-नव्वदीचे आहेत, हक्कांची बोलणी थांबू शकतात, ती माणसं नाही.

किकस्टार्टर ही अमेरिकी क्राउडफंडिंग साइट डोक्यात असेल तर ते सोडा. तिथे मोहीम चालवायला त्यांच्या यादीतल्या देशातलं वास्तव्य आणि बँक खातं लागतं, त्यात भारत नाही. भारतीय प्लॅटफॉर्म निवडताना एकच प्रश्न आधी विचारा: लक्ष्य गाठलं नाही तर पैसे मिळतात की सगळे परत जातात?

या विषयातली खरी गोम पासपोर्टात आहे. पैसे देणारे बरेचसे गोंयकार परदेशात असणार. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरत नाहीत. पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला तुमचा हक्काचा मडगावकर कायद्याने परदेशी स्रोत ठरतो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्याची देणगी एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात, अडकू शकते. मोहीम सुरू व्हायच्या आधी सीएकडून लेखी मत घ्या. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात 50 हजारांवर भेट जमली की पूर्ण रक्कम करपात्र होते, हेही त्यांनाच विचारा. आणि कुणालाही नफ्यातला वाटा कबूल करू नका, तिथून सेबीची, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाची, हद्द सुरू होते.

टीझर अडीच मिनिटांचा पुरे. त्यात जुनी रेकॉर्ड लावू नका. हक्काचा दावा आला की ऐन मोहिमेत व्हिडिओ बंद पडतो. त्यापेक्षा एखाद्या म्हाताऱ्या ट्रम्पेटवाल्याला त्याच्याच खोलीत स्वतःची धून वाजवायला सांगा, लेखी संमती घ्या, आणि व्हॉल्व्हवरची बोटं जवळून टिपा. पंखा बंद करायला विसरू नका, त्याची घरघर नंतर नीट निघत नाही.

मोहीम 30 दिवसांची ठेवा. पहिल्या दोन दिवसांत 30 टक्के जमलेले दिसले पाहिजेत, नाहीतर अनोळखी माणूस खिशात हात घालत नाही. तेवढ्या रकमेचा शब्द ओळखीच्यांकडून आधीच घेऊन ठेवा. धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोव्यातल्या गावागावांच्या मुंबईतल्या क्लबांमध्ये, स्वतः जाऊन बोला. तिथे पैसे कमी मिळतील, पण फोटो आणि पत्ते मिळतील. वेळ नोव्हेंबरअखेर ते नाताळ: 3 डिसेंबरच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला बाहेरगावची माणसं गोव्यात आलेली असतात.

भेट म्हणून टी-शर्ट नको, श्रेयनामावलीत नाव द्या. चित्रपटाची लिंक द्यायची तर 'महोत्सवांनंतर' असं आधीच लिहा. आधी ऑनलाइन दिसलेला चित्रपट काही महोत्सव घेत नाहीत, आणि पैसे दिलेला माणूस सहाव्या महिन्यापासून विचारायला लागतो.