आधी सांगा, फेऱ्या किती?

पत्रांतली नावं बदलतात, गोंधळ तोच. दोन वेगळ्या काळांतले बॉक्सिंगचे दोन विजेते घ्यायचे, रिंगमध्ये उभे करायचे आणि विचारायचं, कोण जिंकेल? फेऱ्या किती, वजन कधी केलं, ग्लोव्ह्ज किती औंसांचे, यातलं काहीच नाही. असो.

प्रश्न : मुहम्मद अली आणि माइक टायसन, दोघंही ऐन भरात असताना भिडले तर?

अली. पण 1966 चा, क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा. 1980 मध्ये लॅरी होम्ससमोर दहाव्या फेरीनंतर स्टुलावरून न उठलेला अली धरलात, तर टायसनला फार वेळ लागणार नाही.

प्रश्न : पन्नाशीच्या दशकातला हेवीवेट (सर्वांत जड गटातला) विजेता रॉकी मार्सियानो अलीला हरवतो हे संगणकानेच सिद्ध केलं आहे ना?

सिद्ध कसलं, तिकिटं विकली. संगणकाच्या हवाल्याने चित्रपट काढायचा म्हणून 1969 मध्ये मायामीत दोघांना समोरासमोर उभं करून एकेक मिनिटाच्या फेऱ्या चित्रित केल्या, शेवटही एकाहून जास्त घेतले. निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेल्या मार्सियानोने वजन उतरवलं होतं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला होता. चित्रपट लागायच्या आत तो विमान अपघातात गेला. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकी प्रेक्षकांनी त्याला तेराव्या फेरीत अलीला नॉकआउट करताना पाहिलं, युरोपातल्या प्रतीत मात्र अली जिंकला. गिऱ्हाईक पाहून निकाल बदलणाऱ्या यंत्राचा दाखला मला देऊ नका. हल्लीची सिम्युलेशन ॲप्सही तुम्ही आत भरलेले आकडेच बाहेर काढतात. त्यावर पैसे लावणार असाल तर हा स्तंभ वाचून लावू नका.

प्रश्न : मार्सियानो 49 पैकी 49 लढती जिंकला. म्हणजे आजही तो अजिंक्यच राहिला असता?

आता जरा बसा.

23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. जर्सी जो वॉलकॉट विजेता, मार्सियानो आव्हानवीर. पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो खाली गेला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा पंचांच्या तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत तो दोरांना पाठ लावून उजवा ठोसा मारायला गेला, पण मार्सियानोचा आखूड उजवा आधी पोचला. वॉलकॉटचा एक हात दोरावर अडकला आणि बाकीचं शरीर हळूहळू खाली घसरत गेलं. तेव्हा लढत पंधरा फेऱ्यांची असे; आजच्या बारा फेऱ्यांत हा ठोसा बसलाच नसता. घंटा झाली असती, वॉलकॉटचा हात वर गेला असता आणि त्या 49 ला डाग लागला असता.

त्याच्या आधीचा हेवीवेट विजेता जो लुईस, त्याची गत निराळी नाही. जून 1941 मध्ये बारा फेऱ्यांनंतर त्याचा आव्हानवीर बिली कॉन दोन गुणपत्रिकांवर पुढे होता, तिसरीवर बरोबरी. तेराव्या फेरीत नॉकआउटच्या नादात तो अंगावर गेला आणि स्वतःच आडवा झाला.

पण म्हणून 'मार्सियानो खरा हरलेलाच' असंही लिहून पाठवू नका. पंधरा फेऱ्यांचा गडी दम वेगळा राखतो. बाराच आहेत हे माहीत असतं तर त्याने जोर आधीच लावला असता. आणि फेऱ्या उगाच कमी झाल्या नाहीत. नोव्हेंबर 1982 मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने पंधराच्या बारा केल्या, बाकीच्या संघटना रेंगाळत मागून आल्या. 'पंधरा फेऱ्या लढणारेच खरे मर्द' म्हणणाऱ्यांनी हे नाव पाठ करावं.

तेव्हा लढतीची पूर्ण फिल्म मिळवा, समालोचनाचा आवाज बंद करा, एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाला शेजारी बसवा आणि पाय बघा. मग बोलू.

प्रश्न : जुन्या फिल्ममध्ये सगळे तुरुतुरु धावणारे, अडाणी का दिसतात?

हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्याची फिल्म चुकीच्या वेगाने चालवतात म्हणून.

प्रश्न : आजच्या अवाढव्य हेवीवेटपुढे जुन्यांचा टिकाव लागेल?

युक्रेनच्या उसिकने मे 2024 मध्ये स्वतःहून चाळीसेक पौंड जड असलेल्या ब्रिटनच्या फ्युरीला हरवलं, म्हणजे वजन सर्वस्व नाही. पण मार्सियानो 185 पौंडांच्या आसपासचा. आज तो हेवीवेटच्या खालच्या गटात, क्रूझरवेटमध्ये, लढला असता.

प्रश्न : तुमची आवडती काल्पनिक लढत?

लेनॉक्स लुईस विरुद्ध रिडिक बो. दोघं नव्वदच्या दशकातले हेवीवेट, एकाच काळातले! 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत लुईस जिंकला. पुढे 1992 मध्ये बोने त्याच्याशी लढण्याऐवजी विजेतेपदाचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. व्यावसायिक लढत कधी झालीच नाही. चालढकल करून खऱ्या लढती अशा काल्पनिक होतात, आणि मग लोक मला पत्रं लिहितात.

प्रश्न : मी 62 किलोचा, मित्र 80 किलोचा. 'रॉबिन्सन विरुद्ध हेवीवेट' पंधरा फेऱ्या खेळून बघणार आहोत. काही सूचना?

खेळू नका. जून 1952 मध्ये खुद्द शुगर रे रॉबिन्सन, मिडलवेटचा विजेता, स्वतःहून जड जोई मॅक्सिमशी भयंकर उकाड्यात लढला. तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे असूनही चौदाव्या फेरीसाठी तो उठू शकला नाही. त्याच्या आधी, दहाव्या फेरीनंतर, रिंगमधला पंचच उष्म्याने गळाला होता आणि दुसरा आणावा लागला. तो रॉबिन्सन होता. तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा, मग प्रशिक्षकाला. दोघंही नाहीच म्हणतील.