बेळगाव भागातल्या मराठी शाळेच्या मुलांना बारावीआधीच कॉलेजचे कोर्स करून क्रेडिट मिळवता येतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमच्या बहिणीची मुलगी अमेरिकेत अकरावीत आहे. तिनं शाळा चालू असतानाच जवळच्या कॉलेजात दोन विषय घेतलेत आणि त्यांचे क्रेडिट, म्हणजे त्या अभ्यासाचे जमा गुण, तिच्या पुढच्या पदवीत धरले जाणार आहेत. तुम्ही खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलवर शिकवता. आपल्या मुलांना असं काही करता येईल का, आणि शिक्षक म्हणून आपण त्यांचं नाव कुठं आणि कसं घालावं, असं तुम्ही विचारलंय.

तिकडच्यासारखी सरळ सोय आपल्याकडे नाही. एसएसएलसीचा (दहावीचा) किंवा पीयूचा (अकरावी-बारावीचा) मुलगा सकाळी आपल्या वर्गात, दुपारी डिग्री कॉलेजात, आणि दोन्हीकडचे गुण पक्के, असं कर्नाटकात चालत नाही. पीयूला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे वेळही उरत नाही. पण त्याच्या जवळपास जाणाऱ्या वाटा आहेत. मी गेली काही वर्षं बेळगावात पीयूच्या मुलांचे असले फॉर्म भरून देतो, त्यावरून सांगतो.

आधी तिकडचं थोडं. अमेरिकेतलं हायस्कूल बारावीपर्यंत असतं, त्यामुळे तुमच्या भाचीची तुलना आपल्या दहावीशी करू नका, फर्स्ट पीयूशी करा. मिनेसोटा राज्यानं १९८५ साली शाळेतल्या मुलांना सरकारी खर्चानं कॉलेजचे विषय घेऊ द्यायला सुरुवात केली, वॉशिंग्टन राज्यानं १९९० मध्ये तसाच कायदा केला, आणि मग ते देशभर पसरलं. तिथंही एक मेख आहेच. एका कॉलेजात मिळवलेला क्रेडिट दुसरं कॉलेज घेईलच असं नाही. त्याच राज्यातल्या सरकारी विद्यापीठात तो बहुतेक चालतो, नावाजलेल्या खासगी विद्यापीठात पुष्कळदा चालत नाही. म्हणून तिथले समुपदेशक मुलाला पहिला प्रश्न विचारतात तो हा, की बारावीनंतर तू जाणार कुठं? आपल्याकडेही सुरुवात तिथूनच करायची. क्रेडिट देणारे भरपूर भेटतात, घेणारा कोण ते आधी बघायचं.

आता आपल्या वाटा. पहिली इतकी जुनी आहे की तिला कुणी क्रेडिट म्हणतच नाही. ती म्हणजे पॉलिटेक्निक. एसएसएलसीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा, मग डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा द्यायची आणि बीईच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसायचं. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी पॉलिटेक्निकात जे शिकला त्यातून इंजिनिअरिंगचं अख्खं पहिलं वर्ष वजा होतं. कॉलेजचं शिक्षण लवकर घेऊन ते पुढे धरलं जाणं, ते हेच की! हिशोब मात्र नीट मांडा. पीयूची दोन आणि बीईची चार मिळून सहा वर्षं होतात. डिप्लोमाची तीन आणि बीईची तीन, तीही सहाच. वर्ष वाचत नाही. पण या वाटेत तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक पात्रता असते. घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलाला मधेच थांबून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत किंवा हुबळीत नोकरी धरता येते आणि पुढे जमेल तेव्हा परत शिकता येतं. पीयू करून मधेच सुटलेल्या मुलाच्या हातात तसं काही नसतं. आयटीआय केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला घेतात, हेही पालकांना सांगत चला. कितीतरी जणांना ते माहीतच नसतं.

या वाटेत जड जातं ते गणित. डिप्लोमातून आलेली मुलं बीईच्या तिसऱ्या सेमिस्टरला बसतात तेव्हा पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलं नसतं, त्यामुळे व्हीटीयूनं (कर्नाटकाच्या तांत्रिक विद्यापीठानं) अशा मुलांना गणिताचा जादा पेपर लावला होता. ज्याचं दहावीचं गणित कच्चं आहे त्याला ही वाट सोपी म्हणून सुचवू नका.

दुसरी वाट ‘स्वयम्’ची. केंद्र सरकारचं हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ २०१७ पासून आहे, आणि आयआयटींचं एनपीटेल त्याचाच भाग. शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची, तीही एका कोर्सला हजाराच्या आसपास. चार आठवड्यांच्या कोर्सला एक क्रेडिट, आठला दोन, बाराला तीन. एनपीटेलमध्ये दर आठवड्याला गृहपाठ असतो, त्याचे २५ गुण धरतात, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५. गृहपाठात किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. नाव नोंदवायला बारावी पास असावं लागत नाही, पीयूचं पोरही बसू शकतं.

पण क्रेडिटचं काय? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमानुसार कॉलेज एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून घेऊ देऊ शकतं. ‘देऊ शकतं’ हे लक्षात घ्या. आणि हा नियम कॉलेजात प्रवेश झालेल्या मुलासाठी आहे. पीयूत असताना केलेला कोर्स नंतर पदवीत धरायचा का, ते त्या विद्यापीठाच्या हातात. म्हणून मी पालकांना सरळ सांगतो, की पीयूत केलेलं एनपीटेल क्रेडिट मिळेलच म्हणून करू नका. मिळालं तर उत्तम. करायचं ते वेगळ्या कारणासाठी.

ते कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी जूनमध्ये सायन्सला बसते आणि पहिल्याच आठवड्यात फिजिक्सचे सर इंग्रजीतून बोलायला लागतात. तिला ‘बल’ कळतं, ‘फोर्स’वर ती अडते. हुशार पोरगी सहा महिने गप्प बसते आणि तिला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण ढ आहोत. अशा मुलीनं जर आधीच घरी बसून प्राध्यापकाचं इंग्रजी थांबवून, मागं नेऊन, परत ऐकलेलं असेल, तर वर्गात तिचा निम्मा धाक जातो. एनपीटेलच्या पुष्कळ व्याख्यानांचं लिखित रूप मराठीतही मिळतं. एका बाजूला व्हिडिओ आणि शेजारी मराठी कागद ठेवून शिकलेली मुलं मी पाहिली आहेत. परीक्षा इंग्रजीतच असते, तेव्हा कागदाची सवय शेवटच्या दोन आठवड्यांत सोडवायची.

वेळेचं गणित मात्र सांभाळा, कारण फॉर्म भरण्यापेक्षा इथंच जास्त पोरं गळतात. एनपीटेलच्या दोन फेऱ्या असतात, जानेवारीची आणि जुलैची. जानेवारीच्या फेरीची परीक्षा एप्रिलमध्ये येते, आणि सेकंड पीयूच्या पोराला तेव्हा बोर्ड, सीईटी, जेईई असा एकामागून एक मारा असतो. त्याला जानेवारीत घालूच नका. फर्स्ट पीयूला जुलैची फेरी बरी वाटते, पण मराठी माध्यमातून नुकत्याच आलेल्याला तेव्हा वर्गाशीच जुळवून घ्यायचं असतं. माझ्या मते सगळ्यात सोयीचा महिना सेकंड पीयूचा जुलै, आणि कोर्स चार किंवा आठ आठवड्यांचाच. बारा आठवड्यांचा हौसेनं घेतात आणि गणपतीत सोडून देतात.

दहावीच्या मुलांसाठी मी यातलं काहीच सुचवणार नाही. एसएसएलसीची परीक्षा संपली की पीयू सुरू होईपर्यंत दीड-दोन महिने मोकळे असतात. तेव्हा आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल लावून द्या. संगणकाचे छोटे छोटे धडे आहेत, मराठीत बोललेले, फुकट. क्रेडिट शून्य. पण मामाच्या गावी बसून मोबाईलवर ऐकता येतात, आणि पोरगं कीबोर्डला घाबरत नाही.

तिसरी वाट आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसची, डेटा सायन्सची. २०२० साली सुरू झाली. क्रेडिटच्या बाबतीत तुमच्या भाचीच्या सोयीच्या सगळ्यात जवळ हीच येते, कारण अकरावीची वार्षिक परीक्षा दिलेलं मूल तिला अर्ज करू शकतं. चार आठवडे शिकवतात, गृहपाठ घेतात, मग केंद्रावर पात्रता परीक्षा. जेईई लागत नाही. पास झालं तर जागा त्याची, पण प्रत्यक्ष प्रवेश बारावी झाल्यावरच. म्हणजे बारावीआधी क्रेडिट नाही, पण दार उघडून ठेवता येतं. मधे थांबलं तरी टप्प्याटप्प्यानं प्रमाणपत्र, डिप्लोमा, पदवी मिळते. आरक्षित वर्गाला आणि कमी उत्पन्नाच्या घरांना फीत चांगली सवलत आहे, तेव्हा नाडकचेरीतून (महसुलाच्या स्थानिक कार्यालयातून) उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. नेमका शेवटच्या तारखेला सर्व्हर बंद पडतो, हा अनुभव सगळ्यांचाच. दुसऱ्या कॉलेजात बीकॉम करत करत हे करणारी मुलंही आहेत. एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीनं २०२२ पासून परवानगी दिली आहे.

आता मदत नेमकी कशाची लागते ते. तुम्हाला वाटत असेल अभ्यासाची. बहुतेक वेळा मदत लागते ती नावाची.

क्रेडिट जमा होतात ते ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये. त्याचं खातं डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी अ‍ॅपमधून उघडतात. शाळेतल्या मुलांना आता ‘अपार’ नावाचा बारा अंकी क्रमांक देतात, तो याच्याशीच जोडलेला आहे आणि त्याला पालकांची संमती लागते. जमा झालेला क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतो. हे सगळं आधारवर उभं आहे, आणि आपल्या भागात घोळ होतो तो तिथंच. ज्ञानेश्वर नावाचा मुलगा घ्या. आधार काढताना फॉर्म भरणारा मराठी होता, त्यानं इंग्रजीत ‘डी’नं सुरुवात केली. शाळेच्या रजिस्टरवरून नाव कन्नड वळणानं चढलं, मार्क्स कार्डावर ते ‘जी’नं आलं. आडनाव एकीकडे आधी, दुसरीकडे शेवटी. जाधवमधला एक ‘एच’ गायब. यंत्राच्या दृष्टीनं ही दोन वेगळी माणसं. ओटीपी येतो तो वडिलांच्या जुन्या नंबरवर, आणि ते सिम केव्हाच बंद पडलेलं असतं.

यात हायस्कूलचे शिक्षक जे करू शकतात ते पीयूचा प्राध्यापक करू शकत नाही. एसएसएलसीसाठी मुलांची नावं बोर्डाकडे जायच्या आधी प्रत्येकाचं आधार मागवा आणि एक एक अक्षर ताडून बघा. चूक शाळेच्या बाजूची असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. एकदा मार्क्स कार्ड छापून आलं की त्यात बदल करायचा म्हणजे मुख्याध्यापकांचं पत्र, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिस, बोर्ड आणि वाट बघणं. त्यापेक्षा मार्क्स कार्डाप्रमाणे आधार बदलून घेणं सोपं. मोबाईल नंबरही त्याच फेरीत बदलून टाका, आणि तो आईचा द्या. माझा अनुभव असा की आयांचे नंबर बदलत नाहीत.

सीमाभागाचा म्हणून एक मुद्दा राहतो. पोरगं बारावीनंतर कर्नाटकात राहणार की महाराष्ट्रात जाणार, यावर क्रेडिटचं भवितव्य बरंच अवलंबून आहे. कर्नाटकानं २०२१ मध्ये नवं शैक्षणिक धोरण सगळ्यांत आधी लागू केलं आणि २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी मागं घेऊन परत तीन वर्षांवर आलं. महाराष्ट्रातली विद्यापीठं त्या धोरणानुसारच चालली आहेत. त्यामुळे बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाखालच्या कॉलेजात मिळालेलं उत्तर कोल्हापुरात लागू पडेल असं समजू नका, आणि उलटही. मराठी मातृभाषा असलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांना महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद आहे. तुमचं गाव यादीत आहे का ते बघून ठेवा. त्यासाठी रहिवासाचे आणि मातृभाषेचे कागद लागतात, आणि ते अकरावी-बारावीतच गोळा झालेले बरे.

क्लासवाले आणि काही ऑनलाइन कंपन्या हल्ली ‘शाळेत असतानाच युनिव्हर्सिटी क्रेडिट’ म्हणून हजारो रुपयांचे कोर्स विकतात. पालक तुम्हाला विचारायला आले तर त्यांना एवढंच करायला सांगा: मुलाला ज्या कॉलेजात जायचंय तिथल्या प्राचार्यांना एक अर्ज द्या, ‘हा कोर्स आपण धरणार का, किती क्रेडिटचा धरणार’ असं विचारा आणि उत्तर कॉलेजच्या शिक्क्यानिशी मागा. तोंडी ‘हो हो, बघू’ आलं तर ते नाही असं समजायचं आणि पैसे भरायचे नाहीत.

तुमच्या शाळेत यंदा दहावीला किती मुलं आहेत आणि त्यातली किती सायन्सला, किती डिप्लोमाला जाणार, ते कमेंटमध्ये लिहा. डिप्लोमाला जाणारी जास्त असतील तर एनपीटेलचा विचार सध्या बाजूला ठेवा आणि उन्हाळ्यात त्यांचं गणित पक्कं करून घ्या.