बहुमत असूनही आमचा पॅच का अडला?

प्रश्न : देवनागरी मजकुरातील शोध नीट चालावा म्हणून आम्ही विद्यार्थ्यांनी एका ओपन सोर्स (ज्याचा कोड सर्वांना खुला असतो अशा) प्रकल्पाला पॅच (कोडमधील दुरुस्ती) पाठवला. वर्गातील सर्वांनी पाठिंबा नोंदवला, तरी एका मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) हरकतीमुळे तो अडला. येथे बहुमताला किंमत नाही का?
– एक विद्यार्थिनी, देवरुख (जि. रत्नागिरी)

उत्तर : कोड वाचण्याचा आणि बदलण्याचा हक्क परवान्यामुळे सर्वांनाच मिळतो, परंतु मूळ प्रकल्पात काय घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार निराळा असून तो बहुधा दीर्घकाळ केलेल्या कामातून मिळतो. आपल्याकडे गावकीतला मान घराण्यातून चालत येतो, तसा येथे तो येत नाही, आणि ही मला या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

अनेक ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाची फाउंडेशन या संस्थेच्या प्रकल्पांत कोडमधील बदलावर मताधिकार असलेल्या एकाच सदस्याने ‘उणे एक’ असे मत दिले, तरी तो बदल थांबतो. मात्र त्या नकाराला तांत्रिक कारण जोडावेच लागते. कारण नसलेला नकार ग्राह्य धरला जात नाही. नवी आवृत्ती प्रसिद्ध करताना असा नकाराधिकार चालत नाही. तेथे किमान 3 अनुकूल मते लागतात आणि ती प्रतिकूल मतांपेक्षा अधिक असावी लागतात. हा भेद मला रास्त वाटतो, कारण सदोष कोड एकदा आत आला की तो पुढे कित्येक वर्षे सांभाळणाऱ्यांच्या माथी बसतो आणि पाठिंबा देणारे तोवर पांगलेले असतात.

सर्वत्र हीच रीत नाही. डेबियन या लिनक्सवर आधारित संगणकप्रणालीच्या प्रकल्पाचे सदस्य दरवर्षी पसंतीक्रमाने मत देऊन आपला प्रमुख निवडतात, पण त्या प्रमुखालाही कोणावर कामाची सक्ती करता येत नाही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे जनक गुइडो व्हॅन रॉसम 2018 मध्ये अंतिम निर्णयाच्या पदावरून दूर झाल्यावर तेथे 5 जणांची निर्वाचित समिती आली, आणि एकाच कंपनीचे दोनपेक्षा अधिक लोक तिच्यात असू नयेत असा नियम झाला. लिनक्स कर्नेलमध्ये (लिनक्स संगणकप्रणालीच्या गाभ्यात) पॅचवर मतदान होतच नाही. तेथे शेवटचा शब्द त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा असतो.

म्हणून आपण प्रथम त्या प्रकल्पाची नियमावली वाचावी आणि हरकतीचे नेमके तांत्रिक कारण लेखी मागावे. कारण मिळाल्यास, शोध कोठे चुकतो हे दाखवणाऱ्या चाचण्या जोडून पॅच पुन्हा पाठवावा. एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर फोर्क करून, म्हणजे कोडची प्रत घेऊन, स्वतंत्र प्रकल्प चालवण्याचा मार्ग खुला आहे. ओपनऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरमधून 2010 मध्ये लिबरऑफिस असेच वेगळे झाले. मात्र त्यानंतरची सारी देखभाल आपल्यालाच करावी लागेल.